विणीच्या हंगामात पक्षी पाहायला जाताय?

पाऊस धरला की कोकणात तिबोटी खंड्याची वीण सुरू होते. जेमतेम १३ सेंटिमीटरचा, चिमणीपेक्षाही लहान असा हा पक्षी. पिवळं पोट, केशरी-जांभळट डोकं, गडद निळे पंख आणि लालभडक चोच. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत किंवा रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या कडेला ही जोडी हातभर खोल बीळ कोरते. त्यात मादी चार-पाच अंडी घालते. तिथून पिल्लं उडेपर्यंत पाच-सहा आठवडे दोघांचा सगळा दिनक्रम त्या बिळाच्या तोंडाशी बांधलेला असतो.

नेमक्या याच दिवसांत मुंबई-पुण्याहून रायगड-रत्नागिरीकडे गाड्या निघतात. दरडीसमोर हिरवं कापड ताणलं जातं, त्यामागे ट्रायपॉड लागतात. बिळासमोर एखादी शेवाळलेली काडीही रोवली जाते, म्हणजे आत शिरण्याआधी पक्षी तिच्यावर टेकेल आणि मागची हिरवाई छान धूसर येईल. एक बॅच उठली की दुसरी बसते. सहलीच्या जाहिरातीत ‘घरटं नक्की’ असं आश्वासन असतं, आणि त्या आश्वासनावरच जागा भरतात.

इथे येणारी माणसं पक्ष्यांवर प्रेम करणारी असतात. पदरचे पैसे खर्चून, भर पावसात चिखल तुडवत ती येतात. म्हणूनच त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येतं. पक्षी पाहायला जाऊ नका असं मला मुळीच सांगायचं नाही. विणीच्या काळात पक्ष्यावर काय गुजरते ते समजून घेऊन जा, एवढंच सांगायचं आहे. कारण या काळात पक्षी आपल्याला जवळ येऊ देतो ते धीट झाल्यामुळे क्वचितच. त्याला तिथून हलता येत नसतं. एरवी उडून गेला असता तिथे तो अंड्यांमुळे बसून राहतो, आणि आपण समजतो की त्याची हरकत नाही.

बसून राहिलेल्या पक्ष्याच्या आत

चिलीच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर हम्बोल्ट पेंग्विन अंडी उबवत असताना संशोधकांनी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. माणूस १५० मीटरवरून नुसता चालत गेला तरी ठोके वाढत होते, आणि ते पूर्ववत व्हायला कधी कधी अर्धा तास लागत होता. बाहेरून पाहणाऱ्याला पेंग्विन शांत बसलेला दिसे. जिथे पर्यटकांचा राबता जास्त होता तिथे या पक्ष्यांची वीणही कमी यशस्वी ठरत होती.

इक्वेडोरमधल्या कुयाबेनोच्या पाणथळ जंगलातली गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे होअॅत्झिन हा पक्षी पाहायला होड्या भरून पर्यटक येतात. घरट्यावरचे प्रौढ पक्षी होड्यांना इतके सरावले होते की माणसांना ते पुष्कळ जवळ येऊ देत. एखादा वाटाड्या ‘यांना आता सवय झाली आहे’ असं म्हणाला असता तर ते खोटं ठरलं नसतं. पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं की पर्यटकांच्या वाटेवरच्या घरट्यांतली पिल्लं एकांतातल्या पिल्लांच्या मानाने कमी प्रमाणात जगत होती, आणि त्यांच्या रक्तातला ताणाचा प्रतिसादही अधिक तीव्र होता. सवय आईबापांना झाली होती, पिल्लांना झाली नव्हती.

म्हणून पहिली सूचना: ‘पक्षी घाबरला की आपण मागे सरू’ या हिशेबावर विसंबू नका. तो घाबरलेला दिसेपर्यंत नुकसान सुरू झालेलं असतं. किती लांब थांबायचं आणि किती वेळ थांबायचं हे निघण्याआधीच ठरवून घ्या. अंतराचा सगळ्या जातींना लागू पडेल असा एकच आकडा नाही. पण पक्षी तुमच्याकडे वळून पाहत असेल, मान ताठ करून बसला असेल, एकच एक आवाज पुन्हा पुन्हा काढत असेल किंवा चोचीत चारा धरूनही घरट्यात जात नसेल, तर तुम्ही नक्कीच जास्त जवळ आहात. यातली शेवटची खूण सगळ्यांत महत्त्वाची, आणि दुर्दैवाने फोटोत तीच सगळ्यांत सुंदर दिसते.

चोचीतली सापसुरळी

तिबोटी खंड्याच्या बिळासमोर काय घडतं ते जरा जवळून पाहू. आत अंधारात चार-पाच पिल्लं. आईबाप आळीपाळीने चारा आणतात: छोटी पाल, सापसुरळी, बेडकी, खेकड्याचं पिल्लू, कोळी. पक्षी आधी जवळच्या फांदीवर येतो, भक्ष्य फांदीवर आपटून त्याचं डोकं पुढे येईल असं चोचीत फिरवून घेतो, दोन-तीनदा डोकं वरखाली करतो आणि तीरासारखा बिळात शिरतो. सगळं काही क्षणांत उरकतं. त्याचं घर कुठे आहे हे कुणाला कळू नये यासाठीच ही घाई असते.

आता समोर कापडामागे सात-आठ माणसं आहेत. शटर खडखडतायत, कुणी हळू आवाजात एक्स्पोजर सांगतोय. पक्षी फांदीवर येतो आणि तिथेच थांबतो. डोकं वरखाली होत राहतं, शेपूट झटकली जाते, सापसुरळी चोचीतच लटकत असते. कापडामागे आनंदीआनंद, कारण हवा तो फोटो मिळतोय. पक्षी उडून मागच्या झाडीत जातो, परत येतो, पुन्हा थांबतो. कधी शेवटी आत जातो, कधी तो घास स्वतःच गिळून टाकतो. दर खेपेला असे चार-पाच क्षण मोडले, तर दिवसअखेर पिल्लांच्या वाट्याचे घास कमी होतात. कोकणातल्या पावसात शिकारीला मिळणारी उघडीप आधीच तुटपुंजी असते. त्यातला वेळ आपण खातो.

हीच गोष्ट न्यूझीलंडच्या ओटागो द्वीपकल्पावर होइहो, म्हणजे पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनांच्या बाबतीत मोजून पाहिली गेली आहे. दिवसभर समुद्रात मासे धरून संध्याकाळी आईबाप किनाऱ्यावर येतात तेव्हा वाळूवर माणसं उभी असली की ते बाहेर यायला कचरतात. जिथे पर्यटक जास्त, तिथे समुद्रात उतरायच्या वयाची पिल्लं वजनाला कमी भरली. घरटं सोडताना अंगावर मांस कमी असेल तर पुढे जगण्याची शक्यताही घटते. त्या पर्यटकांना मेलेलं पिल्लू कधी दिसलं नाही, कारण ते पिल्लू महिन्या-दोन महिन्यांनी कुठेतरी समुद्रात मरतं.

खंड्याच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. बिळासमोर बसून फोटो काढू नयेत. थोडेही नकोत, आणि ‘आम्ही शिस्तीत बसतो’ म्हणूनही नकोत. हा पक्षी पाहायचा तर ओढ्याकाठी शिकार करताना पाहावा. मिळाला तर मिळाला. त्याच्या चोचीत चारा दिसला की समजावं, बीळ जवळ आहे, आणि आपण वाट बदलावी. संशोधक घरट्यांचा अभ्यास करतात तेव्हा त्यामागे प्रश्न असतो, परवानगी असते आणि वेळेची मर्यादा असते. एकाच बिळासमोर महिनाभर रोज नवे लोक बसण्याला अभ्यास म्हणता येणार नाही.

आपण गेल्यानंतर

माणूस निघून गेला तरी त्याची वाट मागे राहते. दाट झुडपात लपलेल्या घरट्यापर्यंत चार जण दोनदा गेले की गवत दबतं, पायवाट पडते. त्या वाटेने मुंगूस जातं, घोरपड जाते. टकाचोर, कावळा आणि भारद्वाज तर माणसांची हालचाल वरून पाहतच असतात. आपल्यामुळे पक्षी ओरडत उडाला की घरटं कुठे आहे हे त्यांना आयतंच कळतं. पुढचं काम ते आपण गेल्यावर करतात. म्हणून ‘आम्ही हातसुद्धा लावला नाही’ एवढ्याने भागत नाही.

त्यातून फांद्या छाटण्याचा प्रकार. स्वर्गीय नर्तकाचं वाटीसारखं घरटं किंवा नवरंगाचा जमिनीवरचा काटक्या-पानांचा गोळा पानांआड असतो, तो उगाच नसतो. पानं ऊन अडवतात, पावसाची धार अडवतात आणि शत्रूची नजरही अडवतात. फोटोच्या आड येणारी एक डहाळी दोरीने बाजूला ओढून बांधली तरी ही तिन्ही कामं थांबतात. घरट्याचा एखादा फोटो फार ‘मोकळा’, फार स्वच्छ दिसत असेल तर त्याला शाबासकी देण्याआधी पानं कुठे गेली हे विचारा.

वाटेत अवचित घरटं दिसलं तर काय करायचं? थांबू नका. वळून, बोट दाखवून, सगळ्यांना बोलावून तिथे गर्दी करू नका. चालण्याची गती न बदलता पुढे जा. झुडपातल्या घरट्यापाशी पोहोचून त्याच वाटेने परतलात तर पायवाटेचा शेवट घरट्याशी होतो, म्हणून शक्य असेल तिथे पुढे निघून जाणं बरं. माळरानावर मात्र याच्या उलट करावं लागतं. ते का, ते आता पाहू.

माळरानावर पायाखाली पाहा

पुणे, सोलापूर, नगरकडच्या गवताळ माळांवर टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. घरटं म्हणायचं तर चार खडे आणि एक उथळ खळगा. अंडी मातीच्या आणि खड्यांच्या रंगाची, त्यामुळे दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत. यांतल्या कित्येकांची वीण भर उन्हाळ्यात असते, आणि तेव्हा अंडी उबवण्याइतकंच ती गार ठेवणंही महत्त्वाचं असतं. टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओलं पोट अंड्यांवर टेकून बसते. मे महिन्यातल्या दुपारी उघड्या जमिनीवर अंगाची सावली टाकून ती उभी असते. तिला तिथून उठवलं तर अंड्यातला जीव भाजून निघायला फार वेळ लागत नाही. आपण वीस मिनिटं तिच्याभोवती घुटमळलो, ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली, आणि आपण तिचे उडतानाचे छान फोटो घेऊन निघालो, तर त्या वीस मिनिटांत खाली काय झालं याचा विचार करून पाहा.

कडबनवाडीसारख्या माळावर जाताना गाडी ठरलेल्या चाकोरीतूनच न्या. धाविक जवळून मिळावा म्हणून गाडी गवतात घालण्याची सवय फार फोफावली आहे. चाकाखाली काय गेलं ते वर बसलेल्याला कळतही नाही. पायी असाल आणि एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यासमोर चालू लागला, तर तो तुम्हाला अंड्यांपासून किंवा पिल्लांपासून दूर नेऊ पाहतोय. अशा वेळी जागीच थांबा, पायाजवळची जमीन नीट पाहा आणि आलात त्याच पावलांवरून मागे फिरा. पुढची जमीन तुम्ही तपासलेली नसते. मागच्या जमिनीवरून मात्र तुम्ही आत्ताच सुखरूप आलेले असता.

तणमोराच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवं. पावसाळ्यात नर गवतातून उभ्या उड्या मारून मादीला बोलावतो, दिवसात शेकडो वेळा. जगभरात फारच थोडे उरलेल्या या पक्ष्याचा नाच जवळून टिपण्यासाठी गवतात गाडी नेली तर नाच थांबतो आणि मादी निघून जाते. जिथे तणमोराची शक्यता आहे तिथे रस्त्यावरून, गाडीतून न उतरता, दुर्बिणीने पाहणं हाच एक मार्ग आहे. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते. त्याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

बंद ढोलीतली आई

सह्याद्रीतल्या धनेशांकडे उन्हाळ्यात लोकांचे घोळके जातात. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरून स्वतःला आत कोंडून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची उडायची पिसंही झडतात. मोठ्या धनेशांत हा कोंडवास तीन-चार महिन्यांचा असतो, आणि सुरुवातीचा बराच काळ मादीचं आणि पिल्लांचं जगणं एकट्या नराने आणलेल्या उंबर-वडाच्या फळांवर चालतं. हा नर अतिशय सावध असतो. झाडाखाली माणसं असली की तो दूरच्या शेंड्यावर बसून राहतो, येत नाही. माणसं म्हणतात, ‘आणखी तासभर थांबू, येईलच.’ त्या तासभरात ढोलीत कुणाच्या पोटात काही जात नाही. दोन दिवस असे गेले तर?

धनेश पाहायचा तर फळांनी लगडलेल्या उंबरापाशी पाहा. तिथे तो निवांत असतो, कळपाने येतो, आणि त्याच्या पंखांचा तो इंजिनासारखा घरघरणारा आवाज तिथेही ऐकू येतो. ढोलीच्या झाडाखाली जायची गरजच नाही.

कॉल वाजवणं

फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा आणि तो चवताळून समोर आला की फोटो घ्यायचा, ही युक्ती आता घरोघरी पोचली आहे. नर पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो चारा शोधणं सोडून लढायला येतो. समोर कुणीच नाही, आवाज मात्र चालूच. तो हरत राहतो.

या हरण्याचे परिणाम घरट्यापर्यंत जाऊ शकतात. कॅनडात काळ्या टोपीच्या चिकडी पक्ष्यांवर झालेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी वरच्या दर्जाच्या नरांना ध्वनिमुद्रित गाण्याने आव्हान देत ‘हरवलं’. मादी हे ऐकत होती. पुढे त्या नरांच्या घरट्यांतल्या काही पिल्लांचे बाप दुसरेच निघाले. काही मिनिटांच्या खोट्या गाण्याने नराच्या वर्षभराच्या विणीतली काही पिल्लं दुसऱ्याच्या नावावर गेली. गाणंच कशाला, माणसाची चाहूलही पुरते. स्वित्झर्लंडमधल्या जंगलात वसंतात, पक्षी आपापल्या हद्दी आखत असताना, संशोधकांनी माणसांच्या वावरासारखा अडथळा मुद्दाम आणला, तर तिथे हद्दी आखणारे पक्षी कमी झाले आणि जातीही कमी झाल्या.

आपल्याकडे वनपिंगळ्याचं उदाहरण घ्या. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडलाच नव्हता, तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आज मेळघाटापासून तानशापर्यंत त्याच्या नोंदी आहेत, पण एकूण संख्या फार थोडी. हा घुबडवर्गी असूनही दिवसा वावरतो, आवाजाला चटकन उत्तर देतो, आणि म्हणूनच फोन घेऊन त्याच्या मागे लागणाऱ्यांच्या तावडीत सापडतो. दुर्मीळ पक्ष्यांच्या बाबतीत आणि विणीच्या काळात कुठल्याही पक्ष्याच्या बाबतीत कॉल वाजवायचाच नाही, असा नियम स्वतःला घालून घ्या. सोबतचा गाइड वाजवू लागला तर त्याला थांबवा. बहुतेक गाइड गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून वाजवतात. तुम्ही ‘नको’ म्हटलंत तर त्यांनाही बरंच वाटतं.

फोटो टाकण्याआधी

एका माणसाने एकदा घरटं पाहिलं तर पक्षी बहुधा तरून जातो. त्याने त्याच संध्याकाळी फोटो टाकला, खाली कुणी विचारलं ‘कुठे?’, त्याने गावाचं नाव सांगितलं, की पुढच्या शनिवारी तिथे वीस जण असतात. म्हणून कॅमेऱ्यातून किंवा फोनवरून जाणारी ठिकाणाची नोंद बंद करा. फोटोच्या मागे ओळखू येणारा पूल, मंदिर, वळण असेल तर तेही पाहा. वीण चालू असेपर्यंत फोटो टाकूच नका, दोन महिन्यांनी टाका. आवडणाऱ्यांना तो तेव्हाही आवडेल. ईबर्डवर नोंद करत असाल तर काही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणं तिथे लोकांपासून झाकली जातात, पण सगळ्या जातींची नाही. तेव्हा घरट्याचा उल्लेख करताना हात आखडता ठेवा.

पक्षीगटाचे ॲडमिन असाल तर एक गोष्ट तुमच्या हातात आहे: घरट्याचे, पिल्लांना भरवण्याचे आणि अंड्यांचे फोटो गटावर घेऊ नका. कौतुक बंद झालं की निम्मी गर्दी आपोआप ओसरते, हे मी पाहत आलो आहे. छायाचित्र स्पर्धांचे परीक्षक आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या काढणारे संपादक यांनाही हेच सांगणं आहे.

घराजवळचं घरटं, जमिनीवरचं पिल्लू

गॅलरीतल्या वेलावर शिंजिराने लोंबतं घरटं बांधलं तर अपराधी वाटून घेऊ नका. त्याने तुमची वर्दळ पाहूनच ती जागा निवडली आहे. नेहमीसारखं वावरा. फक्त वेल छाटू नका, फोन घरट्यात घालून रील काढू नका आणि पाहुण्यांना जवळ नेऊन दाखवू नका.

मे-जूनमध्ये पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसलं की लोक त्याला डब्यात घालून घरी आणतात. बहुतेक वेळा ते घरटं सोडून उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. मांजर किंवा रस्ता जवळ असेल तर अलगद उचलून झुडपात ठेवा आणि दूर जा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते ही समजूत चुकीची आहे. आई येत नाही ती आपण तिथे उभे राहिल्यामुळे.

गाइडला काय विचाराल

या सगळ्यात गाइडला एकट्याला दोष देणं बरोबर नाही. पावसाळ्यात वाडीतल्या तरुणाला दोन महिने चार पैसे मिळतात ते याच खंड्यामुळे. पक्षी पर्यटनाने जंगलं वाचल्याची उदाहरणंही आहेत. पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांनी अरुणाचलातल्या ईगलनेस्टजवळ बुगुन लिओसिकला हा पक्षी शोधला आणि २००६ मध्ये, एकही पक्षी न मारता, फोटो आणि गळालेल्या पिसांवरून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो पाहायला जगभरातून लोक येऊ लागले, आणि २०१७ मध्ये सिंगचुंगच्या बुगुन लोकांनी आपल्या जंगलाचा एक भाग राखीव केला. अरुणाचलातच पक्केच्या आसपास धनेशाची घरटी दत्तक देण्याची योजना चालते. शहरातली माणसं पैसे देतात, गावातली माणसं त्या पैशांवर घरट्यांची राखण करतात, आणि पैसे देणारा ढोलीखाली जाऊन उभा राहत नाही. गावाला उत्पन्न आणि पक्ष्याला एकांत, दोन्ही मिळू शकतं याचा हा चांगला पुरावा आहे.

आपल्याकडेही हे व्हायला काही अडचण नाही. सहल ठरवताना फोनवरच विचारा: ‘घरट्यावर नेणार का?’ उत्तर ‘हो’ आलं तर सांगा, आम्हाला घरटं नको, पण दिवसाचे पूर्ण पैसे देतो. त्याऐवजी ओढा दाखव, देवराई दाखव, रात्री बेडकांचे आवाज ऐकव, सकाळी रानभाज्यांची ओळख करून दे. कोकणातल्या पावसात दाखवण्यासारखं इतकं काही असतं की दिवस पुरत नाही. वीणच पाहायची हौस असेल तर सुगरणीची वसाहत पाहा. विहिरीवर झुकलेल्या झाडावर किंवा माडाच्या झावळीला नर अर्धवट घरटी विणतात, मादी येऊन ती तपासते, पसंत पडली तरच नर ती पुरी करतो. सगळा कारभार उघड्यावर चालतो आणि रस्त्याच्या पलीकडून दुर्बिणीने स्पष्ट दिसतो. सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीचा हाच संसार निरखून १९३० च्या सुमारास त्यावर लिहिलं होतं.

गटाने जात असाल तर सहा-सात जणांपेक्षा मोठा गट नेऊ नका. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वसाहत असते तशा ठिकाणी तर काठावरूनच पाहा. वसाहतीतले पक्षी एकदम उठले की घार-कावळ्यांना रान मोकळं मिळतं, आणि आईच्या पसरलेल्या पंखांच्या सावलीत बसलेली पिल्लं उन्हात उघडी पडतात.

घरट्यासमोर गर्दी दिसली तर

आधी बोलून पाहा. शांतपणे, भांडण न करता. कित्येकांना खरंच माहीत नसतं. हेही सांगा की वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही येतं. म्हणजे डहाळी ओढून बांधणारा, बिळात डोकावणारा, अंडी हलवून फोटो घेणारा माणूस कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. हे ऐकल्यावर बहुतेक जण कॅमेरे आवरतात.

ऐकलं नाही तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा त्या परिक्षेत्राच्या वनाधिकाऱ्याला कळवा. गाडीचा क्रमांक, वेळ आणि काय चाललं होतं ते नीट सांगा. लांबूनच, घरट्यापासून दूर राहून, माणसांचा आणि कापडाचा फोटो घेता आला तर घ्या. घरट्याची नेमकी जागा मात्र फक्त अधिकाऱ्याला द्या. ती तक्रार गटावर टाकलीत, तर उद्या तिथे आणखी माणसं पोहोचतील.